घरच्या कुत्र्याचा जमाखर्च

कुत्रा पाळावयाचा कीं नाहीं, या प्रश्नाचा निकाल आपल्या घरांतून बहुधा दोनच मुद्द्यांवर लागत असतो. मुलांचा हट्ट हा एक आणि वडील माणसांचें सोंवळें हा दुसरा. हट्ट बलवत्तर ठरला तर पिल्लूं येतें, सोंवळें बलवत्तर ठरलें तर येत नाहीं. परंतु या दोहोंपेक्षांहि महत्त्वाचा असा एक तिसरा मुद्दा आहे, आणि पिल्लूं घरीं येण्यापूर्वीं त्याची वाटाघाट क्वचितच होते. तो मुद्दा खर्चाचा. येथें खर्च म्हणजे पिल्लाची किंमत असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ती एकदां दिली कीं संपली. पुष्कळदां तर ओळखीच्या घरून पिल्लूं फुकटच मिळतें. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्यानंतर दरमहा, दरसाल, दहाबारा वर्षें अखंड चालणाऱ्या खर्चाविषयीं. लग्नाचा खर्च आणि संसाराचा खर्च यांत जो भेद आहे, तोच पिल्लाच्या किंमतींत आणि त्याच्या पालनांत आहे.

पूर्वींच्या घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. वैश्वदेवाच्या वेळीं कावळ्याबरोबर कुत्र्याचाहि बळी निराळा काढावा असा शास्त्रार्थ होता. जेवणें आटोपलीं कीं उरलेली भाकरी अंगणाबाहेर पडे आणि आळींतला कुत्रा ती खाऊन रात्रभर राखण करी. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा लहानपणीं कोणीं ऐकली नाहीं? परंतु तो कुत्रा आळीचा होता, एका घराचा नव्हता. एका दारीं कांहीं मिळालें नाहीं तर दुसऱ्या दारीं त्यास मिळे. आजचा पाळीव कुत्रा बंद दाराआड राहतो. आपण देऊं तेंच तो खाणार, आपण नेऊं तेव्हांच तो बाहेर जाणार, आणि आपण औषध देऊं तरच तो बरा होणार. स्वतःच्या पोटाची सोय स्वतः करण्याची त्याची मोकळीक आपण काढून घेतली, त्याच क्षणीं त्याच्या पोटाचा भार आपल्या माथीं आला.

हा भार न झेपल्यास काय होतें, तें शहरांतून डोळे उघडे ठेवून हिंडणारास सांगावयास नको. गळ्यांत पट्टा आणि डोळ्यांत भय असें एखादें जातिवंत जनावर रहदारीच्या रस्त्यावर दिशाहीन धांवतांना दिसतें. तें हरवलेलेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें सोडून दिलेलें असतें. सोडणारे लोक क्रूर असतात असेंहि नाहीं. त्यांनीं हिशेब केलेला नसतो, इतकेंच. पण हिशेब न करण्याची शिक्षा मालकास न होतां मुक्या प्राण्यास होते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें पाळलेल्या जनावरास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें, योग्य कारणावांचून त्यास सोडून देणें, आणि अवास्तव वेळ आखूड किंवा जड साखळीनें बांधून ठेवणें हे अपराध ठरविले आहेत. कायदा बाजूस ठेवला तरी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांतील प्रसंग आपल्या परिचयाचा आहेच. बरोबर आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत येण्याचें युधिष्ठिरानें नाकारलें. आश्रयास आलेल्याचा त्याग करूं नये, हा त्या कथेचा अर्थ. तेव्हां आश्रय देण्यापूर्वींच आपली ऐपत तपासून पाहणें हें धर्माच्या दृष्टीनेंहि शहाणपणाचें होय.

अन्नाचा खर्च

चाणक्यनीतींत कुत्र्यापासून शिकण्यासारखे सहा गुण सांगितले आहेत. पुष्कळ खाण्याची शक्ति असून थोडक्यांत संतुष्ट राहणें हा त्यांतील एक. त्याच्या संतोषावर विसंबून त्याचें पोट मात्र मोजूं नये. सुमारें वीस किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यास दिवसाकांठीं हजार ते अकराशें कॅलरी लागतात. बाजारांत मिळणाऱ्या कोरड्या तयार खाद्याच्या शंभर ग्रॅमांत साधारण साडेतीनशें कॅलरी धरल्या तर रोज सुमारें तीनशें ग्रॅम, म्हणजे महिन्यास नऊ किलो खाद्य लागेल. कुत्र्याचें वजन दुप्पट असलें म्हणजे अन्न दुप्पट लागतें असें नाहीं. तें सुमारें पावणेदोन पटीच्या आंतच राहतें. पण जंतांचीं, गोचिडांचीं व इतर बहुतेक औषधें वजनाच्या मानानें द्यावीं लागतात, त्यामुळें औषधांचा खर्च वजनाबरोबर चढत जातो. मोठ्या जातींचें आयुष्यहि लहान जातींपेक्षां बहुधा कमी असतें. तेव्हां पिल्लूं निवडतांना आज तें केवढें आहे हें न पाहतां दोन वर्षांनीं केवढें होणार हें विचारावें.

‘आमच्या घरीं अन्न उरतेंच, त्यांत त्याचें भागेल’ असें पुष्कळ गृहिणी म्हणतात. ही समजूत दोन कारणांनीं सोडून दिली पाहिजे. पहिलें असें कीं आपलें अन्न आपल्यासाठीं शिजविलेलें असतें. त्यांतलें मीठ, तिखट व फोडणी कुत्र्यास मानवत नाहींत. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. द्राक्षें, मनुका आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा प्रेमानें पुढें करण्यापूर्वीं त्यांतील बेदाणे आठवावेत. चॉकलेटहि त्यास विषासमान आहे. दुसरें कारण असें कीं उरलेलें अन्न हें कधीं उरतें, कधीं उरत नाहीं. आणि संकष्टीच्या दिवशीं तर घरांत दिवसभर स्वयंपाकच नसतो. रोजच्या पोटास अनिश्चित पुरवठा चालत नाहीं.

शाकाहारी घरांत कुत्रा पाळतां येईल काय, हा प्रश्न आपल्या वाचकवर्गास स्वाभाविक आहे. मांजरास मांसावांचून निभाव नाहीं; कुत्र्याचें तसें नाहीं. लांडग्याच्या तुलनेनें कुत्र्यास पिष्टमय अन्न पचविण्याची शक्ति पुष्कळ अधिक असते, आणि तिचें बीज त्याच्या जनुकांतच आहे, असें २०१३ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. माणसाच्या शेतीबरोबर आणि भाकरीबरोबर तो बदलत गेला. म्हणून शिजलेला भात, दलिया, भाकरी त्यास पचते. पण तेवढ्यानें भागत नाहीं. प्रथिनें आणि चुना यांची तूट पडूं नये म्हणून डाळ, पनीर, दहीं, चालत असल्यास अंडें, यांचें प्रमाण पशुवैद्यास विचारून ठरवावें लागतें. नुसता दूधभात हें कुत्र्याचें पूर्ण अन्न नव्हे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध नीट पचतहि नाहीं. घरीं शिजविलें तर तयार खाद्यापेक्षां पैसे वांचतीलच असेंहि नाहीं. डाळ-पनीर, इंधन आणि शिजविणारीचा वेळ हे तीन आंकडे मांडून मगच कोणतें स्वस्त तें ठरवावें.

लस आणि औषधपाणी

या सदराखालीं काटकसर करणें म्हणजे घराचें छप्पर काढून वाशांचे पैसे वांचविण्यासारखें आहे. पिल्लूं सहा ते आठ आठवड्यांचें झालें कीं संयुक्त लस सुरू होते. ती दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानें, तें चार महिन्यांचें होईपर्यंत पुनः पुनः टोंचावी लागते. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. पुढें दरवर्षीं पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें लसी चालू ठेवाव्या लागतात. संयुक्त लसींत डिस्टेंपर, पार्व्हो, यकृताची कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस या रोगांपासून रक्षण असतें. पार्व्होनें पछाडलेल्या पिल्लास कित्येक दिवस सलाइनवर ठेवावें लागतें, आणि त्या एका दुखण्याचें बिल सर्व लसींच्या किंमतीच्या कित्येक पटींनीं होतें. एवढें करूनहि पिल्लूं हातीं लागेल याची खात्री नसते. लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरतो आणि माणसासहि होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत त्याची मोठी सांथ आली होती. कोंकणांत आणि मुंबईंत पावसाळ्यांत कुत्र्यास बाहेर नेणारांनीं ही लस ऐच्छिक समजूं नये.

रेबीजविषयीं अधिक सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतों. १८८५ सालीं पाश्चरनें जोसेफ मायस्टर या मुलास पहिल्यानें लस दिली, त्यास आतां एकशें चाळीस वर्षें लोटलीं. पण एकदां लक्षणें उमटलीं म्हणजे हा रोग आजहि जवळजवळ असाध्यच आहे. ज्या घरांत पांच-सहा मुलें कुत्र्याशीं दिवसभर खेळतात, त्या घरांत या लसीची तारीख चुकणें म्हणजे सर्वांच्या जिवाशीं खेळ होय. घरच्या कुत्र्याचा दांत लागला तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लगेच डॉक्टर गांठावा. हळद-चुना भरून घरीं बसूं नये.

याखेरीज जंतांचें औषध आहे. पिल्लास तें सुरुवातीस दर पंधरवड्यानें, मग सहा महिन्यांचें होईतों दरमहा, आणि पुढें साधारणतः दर तीन महिन्यांनीं द्यावें लागतें. महाराष्ट्राच्या हवेंत गोचिडांचा उपद्रव मोठा आहे. गोचिडांपासून येणारा ताप कुत्र्याचें रक्त आटवितो, आणि त्याच्या रक्ततपासणींत व औषधांत हजारों रुपये जातात. गोचीडनाशक औषधाचा मासिक खर्च त्या मानानें अल्प ठरतो.

नसबंदी ही एकदांच होणारी बाब आहे, पण ती पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या खर्चांत धरलीच पाहिजे. कुत्री साधारण सहा महिन्यांच्या अंतरानें माजावर येते, नऊ आठवड्यांनीं विते, आणि एका वेतास चार-सहा पिल्लें सहज होतात. त्या पिल्लांच्या लसी, त्यांचें अन्न आणि त्यांना घरें शोधण्याची यातायात यांचा खर्च शस्त्रक्रियेपेक्षां खचित अधिक होतो. नसबंदी न झालेल्या प्रौढ कुत्रीच्या गर्भाशयांत पू होण्याचा विकार आढळतो, आणि त्या वेळीं तीच शस्त्रक्रिया जिवाच्या जोखमीनें व दुप्पट-तिप्पट खर्चानें करावी लागते.

महानगरपालिकांच्या हद्दींत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो आणि त्यासाठीं रेबीज-लसीचा दाखला जोडावा लागतो. परवान्याची रक्कम फार नसते. पण तो नूतन करण्याची तारीख वीजबिलाप्रमाणें वहींत टिपून ठेवावी.

जातीचा मोह

कुत्र्याची जात ही चैनीची बाब वाटते. वास्तविक ती पुढील सर्व खर्चांचा पाया आहे. बर्फाळ प्रदेशांतला हस्की पुण्यांत किंवा नागपुरांत आणला, तर उन्हाळ्यांत त्याच्यासाठीं वातानुकूलन चालू ठेवणें प्राप्त होतें. तो खर्च कुत्र्याच्या नांवें न दिसतां वीजबिलांत लपून बसतो. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत झळकलेला पग घरोघर आला. पण त्याच्या चपट्या नाकामुळें त्यास श्वासाचे विकार जडतात आणि उकाड्यांत त्याचा जीव कासावीस होतो, हें जाहिरातींत नव्हतें. लांब केसांच्या जातींस नित्य विंचरणें आणि वेळोवेळीं केस कापविणें चुकत नाहीं.

आपल्या हवेंत वाढलेल्या कुत्र्यांचें तसें नाहीं. घोरपड्यांच्या जुन्या मुधोळ संस्थानांत, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत, जतन झालेला मुधोळ हाऊंड सडपातळ आणि आखूड केसांचा आहे. २००५ सालीं टपाल खात्यानें त्याचें चित्र तिकिटावर छापलें. त्यास उष्मा सोसतो आणि केशभूषेचा खर्च नाहीं. मात्र त्यास धांवावयास मोकळें रान लागतें, दोन खोल्यांची जागा पुरत नाहीं. सर्वांत काटकसरीचा आणि आपल्या हवेस सरावलेला म्हणावा तर तो आपला गांवठी कुत्राच. त्यासहि लस, औषध आणि अन्न लागतें, हें मात्र विसरूं नये. फुकट मिळालेलें पिल्लूं फुकट वाढत नाहीं.

परगांवीं जातांना

आपल्या कुटुंबांना लग्नें, मुंजी, कुळधर्म, देवदर्शन आणि सुटींत मूळ गांवीं जाणें असें वर्षांतून किती वेळां घर सोडावें लागतें, तें मोजून पाहावें. एकत्र कुटुंबाचा एक मोठा लाभ असा कीं घरीं बहुधा कोणी तरी राहतें. परंतु घरचेंच लग्न असलें म्हणजे सगळेच जातात. अशा वेळीं कुत्र्यास श्वानगृहांत ठेवावें लागतें, आणि तेथें दर दिवसाप्रमाणें आकार पडतो. आगगाडीनें बरोबर न्यावयाचें तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे राखून घ्यावा लागतो, नाहीं तर गार्डाच्या डब्यांतील पेटींत त्यास ठेवावें लागतें. तेव्हां ‘आणूं त्याला बरोबर’ हें बोलणें सोपें, तिकीट काढणें अवघड.

वार्षिक अंदाजपत्रक

आतां आंकडे मांडूं. भाव गांवोगांवीं निराळे असतात, म्हणून पुढील दर आम्हीं केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून बेरीज करावी. वीस किलो वजनाचा, दोन वर्षांवरील, प्रकृतीनें निरोगी असा एक कुत्रा आपण धरूं.

अन्न, महिन्यास नऊ किलो, किलोस २५० रुपये प्रमाणें: २७,००० रुपये.
वार्षिक लसी: २,००० रुपये.
जंतांचें औषध, वर्षांतून चार वेळां: ६०० रुपये.
गोचिडांचें औषध, दरमहा ५०० प्रमाणें: ६,००० रुपये.
पशुवैद्याकडे दोन नेहमींच्या तपासण्या: १,५०० रुपये.
परवाना, पट्टा, साखळी, भांडीं, अंथरूण, स्नानाचें साहित्य: ३,००० रुपये.
श्वानगृह, दहा दिवस, रोज ६०० प्रमाणें: ६,००० रुपये.
आजारपणाची गंगाजळी, दरमहा १,००० प्रमाणें: १२,००० रुपये.

एकूण ५८,१०० रुपये. म्हणजे महिन्यास सुमारें ४,८५० रुपये आणि दिवसास १६० रुपये. कुत्रा बारा वर्षें जगला असें धरलें आणि महागाई मुळींच वाढली नाहीं असें मानलें, तरी ही रक्कम सात लाखांच्या घरांत जाते. पहिल्या वर्षीं लसींचे अधिक हप्ते आणि नसबंदी यांची भर पडते. शिवाय दांत येण्याच्या दिवसांत कुरतडलेल्या चपला आणि दुलयांची कोपरीं कोणत्याहि सदरांत बसत नाहींत.

यांतील शेवटची बाब पाहून पुष्कळांस वाटेल, कीं आजार नसतांना त्यासाठीं पैसे कशाला बाजूस टाकावे? आमचें म्हणणें असें कीं सगळ्या यादींत हीच बाब मुख्य आहे. अन्नाचा खर्च रोज थोडा थोडा येतो, त्यामुळें तो सोसवतो. आजार येतो तो अवचित, रात्रीं बारा वाजतां, आणि बहुधा महिन्याच्या अखेरीस. क्ष-किरण, रक्ततपासणी, शस्त्रक्रिया यांचा आंकडा एकदम पुढें आला म्हणजे ‘एवढे पैसे कुत्र्यावर?’ हा प्रश्न घरांत उठतो. मुलें रडूं लागतात, कर्त्या पुरुषास ओशाळें वाटतें, आणि निर्णय घाईनें होतो. गंगाजळी असली म्हणजे तो प्रश्न आधींच सुटलेला असतो. तिच्यासाठीं बँकेंत निराळें खातें ठेवावें आणि त्यास घरखर्चाचा हात लावूं नये. कांहीं विमा कंपन्या कुत्र्याचाहि विमा उतरवितात. पण वयाची मर्यादा, पूर्वींचे आजार आणि लसींच्या तारखा यांविषयींच्या अटी वाचल्यावांचून त्यावर भरंवसा ठेवूं नये. परळचें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचें आहे आणि त्याच्याशीं निगडित असें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. अशीं शिक्षणसंस्थांशीं जोडलेलीं रुग्णालयें आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आपल्या गांवीं कोठें आहेत, तें दुखणें येण्यापूर्वींच विचारून ठेवावें.

श्रमाचा हिशेब

वरील यादींत एक खर्च दाखविलेला नाहीं, कारण तो रुपयांत मोजीत नाहींत. कुत्र्यास सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवावयाचें म्हटलें तरी वर्षाचे ३६५ तास होतात. त्याशिवाय त्याचीं भांडीं, त्याचे गळलेले केस, पावसाळ्यांत ओल्या पायांनीं भरलेली फरशी, औषधाच्या तारखा. हें सर्व कोण करणार? एकत्र कुटुंबांत सर्वांचा असलेला कुत्रा कामाच्या वेळीं कोणाचाच नसतो. आणि जें काम कोणाचेंच नसतें तें घरच्या सुनेच्या वांट्यास येतें, हा आपल्याकडील अलिखित नियम आहे. पिल्लूं आणण्याचा आनंद दिरानें घ्यावा, लाड नणंदेनें करावे, आणि सकाळीं साडेपांच वाजतां त्यास खालीं नेण्याचें काम, डबे करून नोकरीवर जाणाऱ्या सुनेनें करावें, हा न्याय नव्हे. तिनें तोंडानें ‘नको’ म्हटलें नाहीं, याचा अर्थ तिची संमति आहे असाहि होत नाहीं. म्हणून खर्चाच्या पानासमोरच कामाच्या वांटणीचें पान असावें आणि त्यावर प्रत्येकाचें नांव असावें. सासूबाईंच्या देवघराची आणि स्वयंपाकघराची मर्यादाहि त्याच वेळीं ठरवावी. ती कुत्रा सहज शिकतो. माणसेंच पाळीत नाहींत.

येथें काळाचाहि विचार केला पाहिजे. कुत्र्याचा हट्ट धरणारा मुलगा बहुधा दहा वर्षांचा असतो. कुत्रा बारा वर्षांचा होईल तेव्हां मुलगा बावीस वर्षांचा असेल. कॉलेज संपवून बंगळूरास किंवा परदेशीं गेलेला असेल. कुत्र्याचें म्हातारपण सांभाळावयास घरीं राहतील तीं आजोबा-आजी आणि निवृत्तीस आलेले आईबाप. आणि खर्चाच्या दृष्टीनें शेवटचीं दोन-तीन वर्षेंच सर्वांत जड असतात. दांत, सांधे, मूत्रपिंडें, दृष्टि, सगळें एका मागून एक क्षीण होत जातें. वेदना असह्य झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्यास शांतपणें जाऊं देण्याचा कठीण निर्णय घ्यावा लागतो, आणि त्याच्या अंत्यसंस्काराचीहि सोय करावी लागते. मुलाच्या बालपणासाठीं आणलेल्या प्राण्याचें वार्धक्य दुसऱ्याच पिढीच्या पदरीं पडतें. हें आधीं सांगून, सर्वांच्या संमतीनें, पदरीं घेतलें तर त्यांत कष्ट असले तरी कटुता राहत नाहीं.

हें सर्व वाचून कोणाचा उत्साह मावळावा असा आमचा हेतु नाहीं. कुत्र्याच्या सहवासानें घरांतील मुलांस मुक्या जिवाची काळजी घेण्याची संवय लागते, एकाकी वृद्धास सोबत मिळते, आणि घर रात्रीं निर्धास्त झोंपतें. या गोष्टींना मोल नाहीं. पण त्या ज्याच्यामुळें मिळतात, त्यास रोज तीनशें ग्रॅम अन्न लागतें. म्हणून आमची एक साधी सूचना आहे. पिल्लूं आणावयाचें ठरलें कीं लगेच आणूं नये. आपल्या गांवच्या दरांनीं मासिक आंकडा काढावा आणि पुढील सहा महिने, कुत्रा घरांत आहे असेंच समजून, ती रक्कम दर पहिल्या तारखेस निराळ्या खात्यांत भरावी. त्याच सहा महिन्यांत ज्याच्या वांट्यास सकाळचें फिरविणें आलें आहे, त्यानें रोज त्या वेळीं उठून अर्धा तास एकट्यानेंच फिरून यावें. सहा महिन्यांत एकहि हप्ता चुकला नाहीं, खात्यांतून एक रुपयाहि काढावा लागला नाहीं आणि फिरणेंहि टिकलें, तर खुशाल पिल्लूं आणावें. वरील उदाहरणाप्रमाणें एव्हांना सुमारें २९,००० रुपये जमलेले असतील, आणि आजारपणाची गंगाजळी पहिल्याच दिवशीं भरलेली असेल.

आणि हप्ते चुकले, तर? तर त्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. आपली ऐपत वेळेवर कळली आणि एक प्राणी रस्त्यावर येण्याचा टळला, हा लाभ लहान नव्हे. अशा घरानें आपल्या आळींतील एका कुत्र्याची जबाबदारी घ्यावी. आळींतील चार घरांनीं वर्गणी करून त्यास वर्षांतून एकदां रेबीजची लस टोंचवावी, नसबंदी झाली नसल्यास महानगरपालिकेस किंवा तें काम करणाऱ्या संस्थेस कळवावें, आणि उन्हाळ्यांत दाराबाहेर पाण्याचें एक भांडें भरून ठेवावें. एवढा खर्च कोणत्याहि घरास झेपेल, आणि तोहि वहींत लिहून ठेवण्याजोगाच आहे.